पॉम्पेई पाहायचे, पण कोणाच्या चालीने?

एप्रिल उजाडला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक छापील कागद येऊ लागतो. वर सहल कंपनीचे नाव, मध्ये ‘सदर व्यक्ती प्रवासास योग्य आहे’ असे वाक्य आणि खाली डॉक्टरांची सही व शिक्का यांसाठी मोकळी जागा. मी रक्तदाब मोजते, छाती तपासते, साखरेचा अहवाल पाहते आणि सही करते. पाच मिनिटांचे काम. समोरची व्यक्ती नेमकी कोठे निघाली आहे, तेथे ऊन किती, चालणे किती, स्वच्छतागृह किती अंतरावर, हे मी कित्येक वर्षे कोणालाही विचारले नव्हते.

२०२३ साली असाच एक कागद मी माझ्या वडिलांसाठी भरला. त्या वेळी अण्णांचे वय ७६. त्याच जून महिन्यात, इटलीतील पॉम्पेई या प्राचीन रोमन नगराच्या मुख्य चौकात, दुपारी साडेबाराच्या सुमारास ते माझ्या डोळ्यांसमोर खाली कोसळले.

अण्णा जालना जिल्ह्यात शाळेत इतिहास शिकवत. भोकरदनच्या टेकाडावर १९७० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा ते तरुण शिक्षक होते. त्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा कमरेखालचा भाग सापडला. तो पाहताच अभ्यासकांना आठवण झाली ती १९३८ साली अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला पॉम्पेईत मिळालेल्या, ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय मूर्तीची. आमच्या तेर येथेही तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती आहे. मराठवाड्याच्या परिसरात ज्या शैलीची मूर्ती घडत होती, त्याच शैलीची मूर्ती इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडली गेली, ही गोष्ट अण्णांनी निदान तीस वर्षे मुलांना सांगितली असेल. ती मूर्ती एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती नेपल्सच्या संग्रहालयात ठेवलेली आहे, पॉम्पेईत नव्हे, आणि आमच्या सहलीच्या कार्यक्रमात नेपल्सचे संग्रहालय मुळात नव्हतेच, हे आम्हांला तेथे पोहोचल्यावर कळले. पण ती पुढची गोष्ट.

त्या दिवशी काय घडले ते आधी सांगते, कारण ते पुन्हा पुन्हा घडण्याजोगे आहे. आमची बस रोमहून सकाळी निघाली आणि साडेअकराला पॉम्पेईला लागली. परतीच्या बसची वेळ दोन. पोर्ता मारीना या प्राचीन वेशीतून आत जाणारा रस्ता चांगलाच चढाचा आहे. मार्गदर्शक हातातले निशाण उंच धरून पुढे, त्यांच्या मागे आम्ही चाळीस जण. चढ संपतो तेथे थोड्याच अंतरावर फोरम, म्हणजे नगराचा मुख्य चौक आहे. एक लांबलचक मोकळा आयत, कडेला तुटलेले खांब, उत्तरेला व्हेसूव्हियस. दृश्य भव्य आहे, पण सावली जवळजवळ नाही, आणि खालचा व भोवतीचा दगड सकाळपासून तापत आलेला असतो. अण्णा म्हणाले, “जरा थांब गं,” आणि खांबाला टेकता टेकताच त्यांचे पाय गेले.

चेहरा पांढरा, अंगाला घाम, नाडी बारीक आणि जलद. शुद्ध मात्र मिनिटभरात आली. आम्ही त्यांना भिंतीच्या ओंजळभर सावलीत आडवे केले, पाय उंच धरले, सदरा सैल केला, ओल्या रुमालाने अंग पुसले. माझ्या पर्समध्ये सुदैवाने ओआरएसचे पाकीट होते. तासाभराने ते बसले. पॉम्पेई मात्र तेथेच संपले. उरलेला वेळ आम्ही बसच्या दाराशी काढला.

त्या रात्री हॉटेलात मी कागद घेऊन हिशेब मांडला. अण्णांना तीन औषधे होती. रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची एक गोळी, लघवी वाढवून रक्तदाब कमी करणारी दुसरी, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, ज्याने उभे राहिल्यावर रक्तदाब आणखी घसरू शकतो. प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य. तिन्ही मीच लिहिलेल्या. पण जूनचे ऊन, चढ आणि घाम यांच्या बेरजेत त्या तिघींचा एकत्र अर्थ काय होईल, याचा विचार मी सही करताना केला नव्हता. आणि चौथी गोष्ट तर मला ठाऊकच नव्हती. “पाणी किती प्यायलात?” असे विचारल्यावर अण्णा ओशाळून म्हणाले, “सकाळचा कपभर चहा. बसमध्ये लघवीला लागली तर सगळ्यांना थांबायला लावायचं का?”

हे वाक्य प्रत्येक घरातल्या मधल्या पिढीने लक्षात ठेवावे असे मला वाटते. सहलीला निघालेली वयस्कर माणसे पाणी विसरत नाहीत. ती जाणूनबुजून पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष आणि लघवी रोखून धरता न येणाऱ्या स्त्रिया प्रवासाच्या दिवशी स्वतःला कोरडे ठेवतात. त्यात वयानुसार तहानेची जाणीवही मंदावलेली असते. “पाणी प्या, पाणी प्या” असे त्यांना बजावून काहीही साध्य होत नाही. स्वच्छतागृह कोठे आहे आणि तेथे कधी थांबायचे, हे त्यांना आधी सांगितले, तर पाणी आपोआप प्यायले जाते.

दुसऱ्या खेपेची आखणी मी येथूनच सुरू केली. मार्च २०२५ मध्ये आम्ही तिघेच गेलो. अण्णा, माझे पती आणि मी. पतींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, तेव्हा घरात नियोजनाचे विषय कमी नव्हते.

महिना हा पहिला निर्णय. जुलै-ऑगस्टमध्ये त्या भागात पारा तिशीच्या वर जातो. आमच्या मराठवाड्याच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, आणि “आम्ही चाळीस अंशांत राहणारी माणसे” हा युक्तिवाद मी दवाखान्यात नेहमी ऐकते. पण घरी आपण भर दुपारी दगडी फरसबंदीवर तीन तास चालत नाही, पडवीत बसतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. त्यांतही एक उणीव आहे, पावसाची. तेथले रस्ते लाव्हाच्या काळ्या दगडाचे आहेत. अण्णांच्या मते तो आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेला हा दगड ओला झाला की निसरडा होतो. सत्तरीच्या माणसाच्या खुब्याच्या हाडाला उन्हापेक्षा त्याचाच धोका अधिक. म्हणून आम्ही पॉम्पेईजवळ दोन रात्री मुक्काम ठेवला आणि दोन दिवसांपैकी कोरडा दिवस निवडायचे ठरवले.

तिकिटासंबंधीचे नियम आता बदलले आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली असून तिकीट नावाने दिले जाते. म्हणून पासपोर्ट जवळ हवा. उन्हाळी हंगामात दरवाजे सकाळी नऊ ते सायंकाळी सात आणि हिवाळी हंगामात पाचपर्यंत उघडे असतात. शेवटचा प्रवेश त्याच्या दीड तास आधी. तिकीट काढण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर वेळा एकदा पडताळून पाहाव्यात. महिन्याचा पहिला रविवार मोफत असतो, म्हणूनच तो टाळावा. मोठी पिशवी आत नेता येत नाही, त्यामुळे औषधे, पाणी आणि खाणे मावेल अशी लहान पिशवी घ्यावी.

आता प्रवेशद्वाराविषयी. माझ्या मते साऱ्या आखणीचे मर्म येथे आहे. नेपल्सहून सोरेंतोकडे जाणाऱ्या चिर्कुमवेसुवियाना रेल्वेने ‘पॉम्पेई स्कावी’ स्थानकावर उतरले की समोरच पोर्ता मारीना, आणि बहुतेक मंडळी तोच चढ चढतात. पण नगराच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या पॉम्पेई गावाच्या बाजूस, अँफिथिएटरजवळचे प्रवेशद्वार आहे. तेथे चढ जवळजवळ नाही. तेथूनच ‘सर्वांसाठी पॉम्पेई’ या नावाचा मार्ग निघतो. चाकाची खुर्ची, बाबागाडी किंवा काठी यांसह जाता यावे म्हणून हा तीन किलोमीटरहून लांब मार्ग २०१६ साली खुला करण्यात आला. प्राचीन पदपथ येथे सपाट करून घेतलेले आहेत. पॉम्पेईतील इतर रस्ते आणि पदपथ यांच्या उंचीत गुडघ्याची परीक्षा पाहणारे अंतर आहे. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये मोठमोठे उंच दगड रोवलेले आहेत, कारण एकेकाळी या रस्त्यांवरून सांडपाणी वाहत असे. दोन दगडांमध्ये गाडीची चाके जाण्यापुरते अंतर. चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आजही बोटभर खोल दिसतात. पाहायला सुंदर, पण घोटा मुरगळायला तितक्याच सोयीच्या.

सकाळी नऊला आम्ही तेथून आत शिरलो. नियम एकच होता. पाऊण तास चालणे, पंधरा मिनिटे बसणे, आणि चाल अण्णांची. नकाशावर स्वच्छतागृहांना मी आदल्या रात्रीच लाल खुणा केल्या होत्या. एक दरवाज्याशी, एक फोरमजवळच्या उपाहारगृहात. तो नकाशा मी अण्णांच्या खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत दीड लिटर पाणी प्यायले, मला एकदाही सांगावे लागले नाही. त्यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक प्रवासापूर्वी महिनाभर मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून बदलून घेतले होते आणि घरी रोज बसून व उभे राहून रक्तदाबाची नोंद ठेवली होती. वाचकांनी मात्र हे वाचून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. निघण्यापूर्वी चार आठवडे डॉक्टरांकडे जाऊन “मी अमुक महिन्यात, अमुक ठिकाणी, इतके चालणार आहे” असे सांगावे. माझ्याकडे येणाऱ्यांनी हे मला सांगावे, अशी आता माझी अटच आहे.

पिण्याच्या पाण्याची पॉम्पेईत गंमत आहे. नगरात चाळीसहून अधिक सार्वजनिक पाणवठे होते, बहुतेक चौकाचौकांत. दगडी हौद, मागे कोरीव मुखवटा आणि त्याच्या तोंडातून पडणारी धार. वाकून पाणी पिणाऱ्यांनी जेथे हात टेकला, तेथे दगड झिजून खळगा पडला आहे. त्यांतील काही पाणवठ्यांवर आजही पिण्याचे पाणी येते, बाटली तेथेच भरता येते. मूळ पाणी दूरच्या डोंगरातल्या झऱ्यांवरून कालव्याने येई आणि व्हेसूव्हियस वेशीजवळच्या, म्हणजे नगराच्या सर्वांत उंच जागेवरच्या, हौदातून शिशाच्या नळांनी वाटले जाई. शिसे म्हटल्यावर डॉक्टरच्या कपाळाला आठी पडते. पण तेथले पाणी चुनखडीयुक्त होते. नळांच्या आत क्षारांचा थर जमे आणि पाण्याचा शिशाशी संबंध बराच कमी होई. स्वच्छतेचे चित्र मात्र एवढे उजळ नव्हते. कित्येक घरांत शौचकूप थेट स्वयंपाकघरात, चुलीला लागून. रोमन लोकांची स्नानगृहे पाहून भारावून जाणाऱ्यांना मी हे आवर्जून दाखवते.

अँफिथिएटरपासून थोड्याच अंतरावर ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ आहे. तेथे तेरा जणांचे प्लास्टरचे ठसे आहेत, लहान मुलांसह. राखेत गाडलेली शरीरे नष्ट झाली, पोकळी उरली. जुझेप्पे फियोरेल्ली यांनी १८६३ मध्ये अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतण्याची रीत रूढ केली, म्हणून आज त्या माणसांच्या शेवटच्या क्षणाची ठेवण दिसते. सोबत लहान मुले असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावे. अचानक समोर आले तर मूल रात्री घाबरून उठते. दोनतीन वर्षांच्या मुलासाठी बाबागाडीपेक्षा अंगावर बांधायची झोळी बरी, कारण ठरलेल्या मार्गाबाहेर बाबागाडी दहा पावलेही चालत नाही.

अण्णा तेथल्या बाकावर बसले आणि त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. त्या उद्रेकाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत आहे. त्याचे मामा, थोरले प्लिनी, मिसेनुम येथील आरमाराचे प्रमुख आणि मोठे ग्रंथकार. भारताशी चाललेल्या व्यापारात दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स रोममधून बाहेर जातात, ही तक्रार त्यांचीच. ते लोकांना वाचवायला गलबते घेऊन निघाले आणि स्ताबिए येथे किनाऱ्यावर मरण पावले. वय ५५. भाच्याने लिहिले आहे की मामा अंगाने स्थूल होते, त्यांची श्वासनलिका मुळातच नाजूक होती, त्यांनी पुन्हा पुन्हा थंड पाणी मागितले, दोन सेवकांच्या आधाराने उठले आणि तत्काळ कोसळले. विषारी वायूने मृत्यू, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्याच हवेत उभे असलेले सोबती वाचले, मग हेच का गेले? स्थूल, दम्याची प्रकृती असलेला, धावपळीने थकलेला पन्नाशीतला माणूस राखेच्या धुरात कोसळतो, तेव्हा मी प्रथम त्याच्या हृदयाचा विचार करीन. माझेही वय त्यांच्याच आसपासचे आहे. दम्याच्या रुग्णाने आपला इनहेलर बॅगेत नव्हे, खिशात ठेवावा, हे जाता जाता सांगून टाकते.

“दुसरं पत्र मात्र मुलाचं आहे,” अण्णा म्हणाले. धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा. तो आणि त्याची आई मिसेनुमला होती. काळोख दाटून आला, लोक धावू लागले. आईने मुलाला विनवले, मग आज्ञा केली, की तू तरुण आहेस, तू पळ. माझे वय झाले, शरीर जड झाले, माझ्यामुळे तुझा जीव गेला नाही एवढ्या समाधानात मी मरेन. मुलाने नकार दिला. तिचा हात धरला आणि तिला आपल्याबरोबर चालवत नेले. दोघेही वाचले. हे सांगून झाल्यावर अण्णा काही वेळ गप्प बसले. २०२३ च्या त्या दुपारी त्यांनी मला “तू ग्रुपबरोबर जाऊन बघून ये, मी बसतो इथे” असे तीनदा म्हटले होते, ते मला आठवले. त्यांनाही आठवले असावे. दोघेही काही बोललो नाही. नंतर मी त्यांना बाटली दिली आणि आम्ही उठलो.

येथून व्हिया देल्लाब्बोंदान्सा हा मुख्य रस्ता सरळ फोरमकडे जातो. याच रस्त्यावरच्या एका घरात ती हस्तिदंती मूर्ती सापडली. याच रस्त्यावर स्टेफानुसची कपडे धुण्याची कार्यशाळा आहे. रोमन परीट कपडे धुण्यासाठी लघवी वापरत. ती ते मडक्यांतून गोळा करीत, कारण तिच्यातून तयार होणारा अमोनिया मळ काढतो. अण्णा म्हणाले, “म्हणजे येथे माझ्यासारख्याला मानच मिळाला असता.” पुढे स्ताबियन स्नानगृह. लहान लहान खांबांवर उचललेली जमीन, खालून फिरणारी गरम हवा. आमचा मार्ग येथे बराच लांबला, कारण पतींना तापलेल्या जमिनीची रचना समजून घ्यायची होती आणि अण्णांना बाक मिळाला होता.

साडेअकराला आम्ही फोरममध्ये पोहोचलो. त्याच खांबापाशी अण्णांनी थोडे थांबून पाहिले. मग उपाहारगृहात दीड तास. पतींच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती घेऊन जेवण लांबले तर साखर एकदम उतरते, म्हणून जेवणाची वेळ आम्ही कोणत्याही भित्तिचित्रासाठी हलवली नाही. ते दोघे जेवत असताना मी एकटी ‘शल्यवैद्याचे घर’ पाहून आले. वीस मिनिटे. घरात पाहण्यासारखे फारसे नाही, पण तेथे सापडलेली शस्त्रे माझ्या व्यवसायाची पूर्वज आहेत, तेव्हा एवढा हट्ट मी स्वतःसाठी राखला होता.

दोन वाजता आम्ही बाहेर पडलो. नगराचे क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. आम्ही पाहिले ते उघडलेल्या भागातलेही निम्मे नसेल. गुप्त विधींच्या चित्रांची व्हिला राहिली, वेत्ती बंधूंचे घर राहिले. ज्यांचे गुडघे फारच कुरकुरतात त्यांना मी तर सांगेन की त्याच रेल्वेवरचे हर्क्युलेनियम पाहा. ते लहान आहे, दोनतीन तासांत होते, आणि तेथे लाकडी तुळया व वरचे मजलेही टिकले आहेत. व्हेसूव्हियसचे मुख त्याच दिवशी चढण्याचा बेत मात्र करू नये. सहलीच्या पत्रकात तो असतो. पाय पत्रक वाचत नाहीत.

पायांवरून आठवले. त्या संध्याकाळी पतींच्या उजव्या पायाच्या करंगळीवर फोड आलेला मला दिसला. त्यांना काही जाणवलेच नव्हते. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते, आणि असा फोड दुर्लक्षित राहिला तर त्याचे पर्यवसान कशात होते ते मी दवाखान्यात पाहिले आहे. ते सांगत बसत नाही. बूट घरी महिनाभर वापरलेले असावेत, मोजे सुती आणि शिवण न टोचणारे, आणि रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याने पाहाव्यात. दुसऱ्या दिवशी आम्ही चाललो नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. औषधे सदैव हातातल्या पिशवीत, विमानाच्या पोटातल्या सामानात कधीही नाही, आणि इन्सुलिन तर नाहीच. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, आपल्याकडची कंपन्यांची नावे इटलीतला औषधविक्रेता ओळखत नाही. औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. मार्चमध्ये इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. इन्सुलिन घेणाऱ्यांनी या फरकाचे वेळापत्रक आधी लिहून घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतोच, पण त्यात आधीपासूनच्या आजारांविषयी काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय सही करू नये. आणीबाणीचा क्रमांक ११२. उन्हात कोणाला चक्कर, मळमळ, घाम आणि पायात गोळे आले तर सावली, पाणी आणि विश्रांतीने बहुधा भागते. पण बोलणे असंबद्ध झाले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. क्रमांक फिरवावा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

नेपल्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असते. आम्ही बुधवारी गेलो. आठ भागांत कापलेली, जळून कोळसा झालेली पावाची भाकरी पाहिली. शल्यवैद्याची शस्त्रे पाहिली. स्त्रीरोग तपासणीचे स्क्रूने उघडणारे कांस्य उपकरण आजच्या उपकरणाशी इतके जुळते की मी क्षणभर हात पुढे केला. त्याच ठिकाणी पुरुषांसाठीची, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली कांस्याची मूत्रनलिका आहे. अण्णांनी ती चष्मा सरकवून पाहिली. “दोन हजार वर्षांपूर्वीही आमचं हेच होतं म्हणायचं!”

‘लक्ष्मी’ ज्या दालनात आहे ते ‘गुप्त कक्ष’ म्हणून ओळखले जाते. पॉम्पेईतील शृंगारिक चित्रे आणि वस्तू तेथे ठेवलेल्या आहेत. माझे पती छताकडे पाहत होते. अण्णा मात्र सरळ काचेच्या पेटीपाशी गेले. मूर्ती जेमतेम वीतभर उंच, दोन्ही बाजूंना लहान दासी, अंगावर दागिन्यांची रेलचेल. अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे मतभेद आहेत. ती कोठे घडली यावरही आहेत. अण्णांच्या मनात यावर कधीच मतभेद नव्हता. सोबत आणलेले घडीचे स्टूल मी उघडून दिले. ते बसले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिले. किती वेळ, ते मी मोजले नाही.

मग वळून न पाहताच त्यांनी हात मागे केला.

“बाळ, बाटली दे. आणि खाली बाथरूम कुठल्या बाजूला आहे म्हणालीस?”